उपाशी गोधडी

गोधडीतून दोरा ओढताना एक आवाज होतो. सुई आत शिरताना काही ऐकू येत नाही, पण मागून दोरा येतो तो सुर्रर्र असा लांबट आवाज करत येतो, आणि सहासात बायका चारी बाजूंनी बसून शिवत असल्या की त्या आवाजाला आपोआप एक लय येते. चर्चमागच्या निंबाखाली, दुपारच्या वेळी, तो आवाज ऐकत मी किती वेळा पेंगले असेन त्याला गणती नाही. आता गुडघे गेले, कान अर्धे गेले, नर्सची नोकरी संपूनही जमाना झाला, तरी दुपारी डोळा लागता लागता मला तोच आवाज येतो. मुलगा म्हणतो, पंखा कुरकुरतोय, तेल घालायला पाहिजे. मी म्हणते, असू दे.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. आमची वस्ती सोनईच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. वीसेक ख्रिस्ती घरं, पत्र्याचं चर्च आणि तो निंब. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दिवस उगवायच्या आत दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरात मिलो शिजायचा. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापता फुटायची, म्हणून आई पिठात उकळतं पाणी ओतून ते मळायची आणि तरीही भाकरीच्या कडा नदीकाठच्या चिखलासारख्या तडकायच्या. वास कसा, तर पोतं भिजल्यासारखा. कामावर सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोडसर खाऊ, मिळायची, ती आई पदरात बांधून आणायची आणि माझ्या तळहातावर ठेवायची. मी तेरा वर्षांची, वाढीची, आणि माझ्या पोटाला तेव्हा तळच नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या वर्षातली भूक मला आठवते ती दुखण्यासारखी आठवत नाही. डोकं हलकं व्हायचं, दुपारचं ऊन डोळ्यांपुढे पाण्यासारखं हलायचं, माणसं जमिनीपासून वीतभर वर चालल्यासारखी दिसायची. शाळेत गुरुजी काय शिकवत ते कळत नसे, पण फळ्यावरची अक्षरं फार सुंदर दिसत. पुढे नर्सिंगला गेल्यावर कळलं की या सगळ्याला काहीतरी लांबलचक नाव आहे.

अशात एका रविवारी भक्ती संपल्यावर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, एक पत्र वाचून दाखवलं. समुद्रापलीकडे, आफ्रिकेत, कित्येक वर्षं पाऊस नाही, गुरं मेली, माणसं घरं सोडून चालत निघाली आहेत. जगभरच्या चर्चमंडळ्या मदत गोळा करत आहेत, आपणही काही करावं. पत्राबरोबर एक फोटो होता. तो हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला. माझ्याच वयाची एक मुलगी, हातात रिकामा वाडगा, आणि डोळे असे की तिनं काही विचारलं आहे आणि ती उत्तराची वाट बघते आहे. नंतर तो फोटो चर्चच्या भिंतीला खिळ्याने लावला. मी मनातल्या मनात तिचं नाव शांता ठेवलं. का, ते विचारू नका. मला तेव्हा ते नाव फार आवडायचं. येताजाता मी तिच्याशी बोलायचे. आज मिलोच गं. तुमच्याकडे काय? ती कधी काही सांगायची नाही, पण मला वाटायचं की उत्तर द्यायला तिला वेळ लागतो, कारण मध्ये समुद्र आहे.

बायकांच्या सभेत त्या पत्रावरून चांगलीच जुंपली. सभा म्हणजे वस्तीतल्या बायका आणि पाळकीणबाई. पाळकीणबाई नगरच्या, शिकलेल्या, पांढऱ्या पातळाला इस्त्री असलेल्या. आमच्या वस्तीला साबणाचा नाद त्यांनीच लावला. कुणीतरी म्हणालं, "आमच्याच चुली थंड, अन् तिकडं काय पाठवू? खडी?" सगळ्या हसल्या. तेव्हा ठकुमावशी बोलली. ठकुमावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. आमच्या शेजारच्या खोपटात एकटी राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पावशेर जमीन म्हणावी एवढा तुकडा होता. बाप्तिस्म्यात तिचं नाव सारा ठेवलं होतं, पण त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनसुद्धा बघत नसे.

"ह्यो मिलो कुटून आला गं?" तिनं विचारलं.

"परदेशातून," आई म्हणाली.

"त्यांची आपली वळख हाय का? न्हाई ना. कुनीतरी धाडला, आपुन खातोय. मंग आपुन बी कुनाला तरी घालाया नको? नुसतं खाऊन मोकळं व्हायचं, मांजरावानी?"

पैसा नव्हता, धान्य नव्हतं. चिंध्या मात्र घराघरात होत्या. मग ठरलं की सगळ्यांनी मिळून एक मोठी गोधडी शिवायची आणि नगरला कापणीच्या सणात तिचा लिलाव करायचा. कापणीचा सण म्हणजे पीक घरी आलं की पहिलं फळ देवाला वाहायचा सण. लोक कणसं, भोपळे, कोंबड्या, अंडी आणतात, चर्चच्या आवारात त्यांचा लिलाव होतो आणि येईल ते दानाला जातं. त्या साली कापायला काही नव्हतं. ठकुमावशी म्हणाली, "कापनी न्हाई तर शिवनी करू," आणि विषय संपला.

बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असायची. त्या दिवशी दुपारी निंबाखाली गोधडी पसरली जायची, चार कोपऱ्यांवर चार दगड. प्रत्येक घरानं काहीतरी दिलं होतं. आईनं दादांच्या लष्करी हिरव्या शर्टाची पाठ दिली, कुणी पोराचं झबलं, कुणी साखरेच्या पोत्यावरचं छापील कापड. पाळकीणबाईंनी आपल्या पांढऱ्या पातळाचा काठ दिला आणि आधी सगळ्या चिंध्या उकळून घ्यायला लावल्या. ठकुमावशीनं नवऱ्याचं धोतर दिलं. ते इतकं विरलं होतं की हातात धरलं तर पलीकडचं दिसायचं. ते तिनं मधोमध लावलं आणि वर निळ्या लुगड्याची चौकट बसवली. मी या सगळ्या रंगांकडे बघत बसायचे. कडेची हिरवी पट्टी म्हणजे सोनई, मधलं निळं म्हणजे समुद्र, आणि पलीकडचे तांबडे चौकोन म्हणजे शांतेचा देश. सुई घेऊन मी समुद्र ओलांडायचे. माझा टाका बारीक आणि सरळ पडायचा, म्हणून मला बायकांच्या बरोबरीनं बसायला मिळालं. त्या दुपारी फार लांब असायच्या. कुणी गाणं धरायचं, कुणी मध्येच थांबून अंगणाकडे बघत राहायचं, सुया आपल्या चालूच.

गोधडी पुरी व्हायला आली आणि भांडण उभं राहिलं. आमच्याकडची रीत अशी की शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात भाकरीचा एक तुकडा घालायचा आणि मगच तो शिवून बंद करायचा. त्याला घास म्हणतात. पोटात घास नसलेली गोधडी उपाशी राहते, आणि उपाशी गोधडी ज्याच्या अंगावर पडते त्याचं पोट कधी भरत नाही. पाळकीणबाई म्हणाल्या, "हे असलं काही चालायचं नाही. एक तर ही अंधश्रद्धा, आणि दुसरं म्हणजे मुंग्या लागतील, उंदीर लागतील. चांगल्या घरची माणसं विकत घेणार आहेत."

"चांगल्या घरच्या मानसांला प्वाट नसतं व्हय?" ठकुमावशी म्हणाली.

"ठकूबाई, नाही म्हणजे नाही."

ठकुमावशी गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे ऐकलं असं नाही, हे मला ठाऊक होतं, पाळकीणबाईंना नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बायका सोनईला गेल्या, पाळकीणबाई दुपारच्या जरा आडव्या झाल्या, आणि ठकुमावशीनं मला चर्चच्या मागे बोलावलं. "इस्तरे," ती म्हणाली. माझं नाव एस्तेर, पण वस्तीत मी इस्तरच. "तुजा टाका बारीक हाय. ह्यो घास घाल अन् कोपरा असा शीव की त्या बाईला दिसाया नको. म्या बाजारात जाऊन येते, न्हाईतर तिला वास येईल." तिनं पदराची गाठ सोडली. आत बाजरीच्या भाकरीचा चतकोर होता आणि त्यावर गुळाचा खडा. त्या वर्षी आमच्या वस्तीत बाजरी कुणाच्याच घरात नव्हती. मी विचारलं, कुठून आणली? ती म्हणाली, "बियाची हुती. मूठभर जात्यावर घातली. घास म्हंजी घासावानी पायजे. लोकाला मिलो घालायचा का?"

ती गेली. निंबाखाली मी, गोधडी आणि तो चतकोर. भाकरी सकाळचीच असावी, अजून मऊ होती, आणि गुळाचा ओलावा तिच्यात थोडा उतरला होता. वास कसा होता ते मी लिहू शकत नाही. मी कोपरा उचलला, सुईत दोरा ओवला. मग मनात आलं, एवढा मोठा तुकडा बाहेरून उंच दिसेल, कडा जरा मोडून घ्यावी. कडा मोडली आणि ती टाकायची कुठे म्हणून तोंडात टाकली. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, म्हणजे आठवतं ते स्वप्नासारखं. ऊन होतं, कावळा ओरडत होता, तोंडात गूळ होता. मी सावकाश खाल्लं, हे मात्र पक्कं आठवतं. घाईनं खाल्लं असतं तर म्हणता आलं असतं की भान राहिलं नाही.

हात रिकामा झाला तेव्हा मला एकदम गार वाटलं. मी वेणीची लाल रिबीन सोडली, तिची घट्ट गुंडाळी केली, त्या कोपऱ्यात घातली आणि बारीक टाक्यांनी कोपरा बंद केला. आयुष्यात इतकं सुबक काम मी पुन्हा केलं नाही. संध्याकाळी ठकुमावशीनं चाचपून बघितलं, आत काहीतरी लागलं, तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हातानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं विचारलं, रिबीन कुठंय? मी म्हटलं, हरवली. त्या आठवड्यात मी चर्चमध्ये शांतेच्या भिंतीकडे पाठ करून बसले. तिला मी सांगणार तरी काय? तुझ्यासाठी म्हणून शिवलेली गोधडी मी उपाशी ठेवली. ज्या कुणाच्या अंगावर ती जाईल त्याचं पोट आता भरायचं नाही, ते माझ्यामुळे. हसू नका. तेरा वर्षांच्या पोरीला हे अगदी खरं होतं, आणि सत्तरीकडे झुकलेल्या बाईलाही ते सगळंच खोटं वाटत नाही.

सणाला आई, ठकुमावशी, पाळकीणबाई आणि मी एस.टी.नं नगरला गेलो. अहिल्यानगर म्हणायचं असतं आता, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. मी रुमालात मिलोच्या भाकरीचा तुकडा आणि दोरा ओवलेली एक सुई बांधून घेतली होती. कुठेतरी आडोसा मिळाला की कोपरा उसवायचा आणि तो तुकडा आत घालायचा, असा माझा बेत. पण गाडीत गोधडी आईच्या मांडीवर, आणि चर्चच्या आवारात पोचलो तर ती लगेच दोरीवर सगळ्यांपुढे टांगली गेली. मी तिच्या खाली उभी राहिले, रुमाल मुठीत धरून. वाऱ्यानं ती हलायची, तिची सावली माझ्यावरून फिरायची. त्या साली आवारात भोपळे नव्हते, कणसं नव्हती. चार कोंबड्या, थोडी अंडी, कुणीतरी भरतकाम केलेला रुमाल, आणि ही गोधडी.

लिलाव पुकारणारे गृहस्थ मोठे विनोदी होते. त्यांनी गोधडी उचलली, फिरवली, आणि नेमका तोच कोपरा त्यांच्या हाती लागला. "अरे वा! यात काय दडवलंय? सोनं?" लोक हसले. पाळकीणबाईंनी वळून ठकुमावशीकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर विरघळली असती. ठकुमावशी मात्र छाती काढून उभी होती, आपला घास चारचौघांत उघड झाला म्हणून उलट खूश. मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

आमच्या सणातल्या लिलावाची गंमत अशी की घेणारा वस्तू घरी नेतोच असं नाही. पैसे देतो आणि म्हणतो, पुन्हा लावा. एकच अंडं पाच वेळा विकलेलं मी पाहिलंय. गोधडीही तशीच फिरली. एका डॉक्टरांनी घेतली, परत दिली. एका दुकानदारानं घेतली, परत दिली. शेवटी एका म्हाताऱ्या शाळामास्तरीण बाईंनी घेतली. त्यांनी चष्मा वर करून मधलं धोतर बोटानं चाचपलं आणि विचारलं, "हे कुणाचं?"

"माज्या मालकाचं," ठकुमावशी म्हणाली.

"मग हिची जागा तुमच्याच घरात," त्या म्हणाल्या. "पैसे समुद्रापलीकडे जातील, गोधडी नको जायला." आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी ती ठकुमावशीच्या खांद्यावर घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई रडली. पाळकीणबाईंनीसुद्धा डोळ्यांना पदर लावला. मीही रडत होते, आणि सगळ्यांना वाटलं की मला आनंद झाला. कुण्या अनोळखी माणसाच्या अंगावर जायची ती उपाशी गोधडी माझ्या ठकुमावशीच्याच अंगावर आली होती.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. घोडेगाव मागे पडलं, ऊन तिरकं झालं होतं. तिनं गोधडी आम्हा दोघींच्या मांडीवर पसरली आणि सवयीनं तिची बोटं कोपऱ्यावर गेली. दाबलं. परत दाबलं. "भाकर वाळली की कडक व्हती," ती आपल्याशीच म्हणाली. "हे मऊ कसं?"

मी म्हटलं, "मावशी, घास म्या खाल्ला."

तोंड खाली नेऊन तिनं दातानं दोरा तोडला, कोपरा उसवला, रिबीन बाहेर काढली. ती तिनं कमरेला खोचली. मी रुमाल सोडून मिलोचा तुकडा पुढे केला. तिनं तो हुंगला, आत घातला, माझ्या हातातली सुई घेतली आणि हिसके खाणाऱ्या गाडीत, वाकडेतिकडे टाके घालत कोपरा बंद केला. मग खिडकीबाहेर बघत बसली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. मारलं असतं, आईला सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिनं कुणालाही सांगितलं नाही. समोर आले की नजर माझ्यावरून पुढे जायची. बियाची बाजरी होती ती. मूठभर का होईना, तिनं ती कुण्या अनोळखी माणसाच्या पोटासाठी दळली होती आणि मी ती निंबाखाली बसून चवीनं खाल्ली.

पुढे पाऊस झाला. पावसाची वर्णनं पुष्कळांनी केली आहेत, मी करत नाही. ठकुमावशीनं कुणाकुणाकडून बी मागून तो तुकडा पेरला. चर्चला परदेशातून एक पत्र आलं, पाळकसाहेबांनी वाचलं, पैसे पोचले, धान्य वाटलं, आभार. शांतेचा त्यात उल्लेख नव्हता. मी भिंतीजवळ जाऊन तिला विचारलं, मिळालं का गं? ती नेहमीसारखीच बघत होती.

बाजरी घरात आली त्या दिवसांत एका सकाळी ठकुमावशीच्या खोपटातून मोठ्यानं हसणं ऐकू आलं. "इस्तरे! ए इस्तरे! हिकडं ये!" कित्येक महिन्यांनी ती हाक. मी धावत गेले. ती गोधडी मांडीवर घेऊन बसली होती आणि तो कोपरा मला दाखवत होती. उंदरांनी तो कुरतडून भोक पाडलं होतं आणि आतला मिलो साफ केला होता.

"पाळकीनबाईचं खरं झालं बग," ती हसत म्हणाली. "उंदीर लागलं. तिला सांगू नगं हां, लई खूश व्हईल."

मग हात लांब करून तिनं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि त्यातून माझी लाल रिबीन काढली. धुऊन, घडी करून ठेवलेली. ती भोकावर ठेवून बघितली. बरोबर बसत होती. चुलीवर तवा होता, नव्या बाजरीची भाकरी नुकतीच उतरवलेली. ती मोडून तिनं एक लहान तुकडा बाजूला ठेवला. मी सुई घ्यायला हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला आणि उरलेली सगळी भाकरी, वर गुळाचा खडा ठेवून, माझ्यापुढे ठेवली.

"आदी जेव," ती म्हणाली. "उपाशी पोरीच्या हातात म्या दुसऱ्याचा घास दिला, ती चूक माजी हुती. पोटभर जेव, अन् मंग शिवाया बस."

मी जेवले. ती समोर बसून बघत होती. मग मी हात धुतले, तो तुकडा आत घातला आणि वर रिबीन लावून कोपरा शिवला.